पाणी राखलेलं मांस, पाणी घालवलेला काजू

पोर्कचे चौकोनी तुकडे आणि काजू एकत्र परतून करतात तो कँटनीज पदार्थ दिसायला साधा. पण दक्षिण चीनमधला सराईत आचारी त्यात दोन उलटी कामं करत असतो: मांसातलं पाणी आत अडवायचं आणि काजूतलं हाकलून द्यायचं.

तुकडे साधारण १ सेंटीमीटरचे. उष्णता आत पोचायला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाप्रमाणे वाढतो, म्हणजे जाडी निम्मी केली की वेळ चौथ्या हिश्श्यावर येतो. लहान तुकडा कोरडाही तितक्याच लवकर पडतो, हीच अडचण. मांसातलं मायोसिन हे प्रथिन ५० अंश सेल्सिअसच्या आसपास उलगडू लागतं. पुढे ६५-७० अंशांपलीकडे अ‍ॅक्टिन हे दुसरं प्रथिनही आवळलं की ओलं फडकं पिळावं तसा रस बाहेर पडतो. म्हणून तुकड्यांना आधी सोया सॉस, तांदळाची वाइन आणि कॉर्नफ्लोर चोळतात. तापल्यावर स्टार्चचे कण पाणी शोषून फुगतात, त्यांचा बुळबुळीत थर बसतो आणि निसटणारा रस त्यातच अडकतो. काही जण चिमूटभर खाण्याचा सोडाही घालतात. अल्कलीमुळे प्रथिनं एकमेकांना घट्ट धरत नाहीत, पाणी टिकतं. हॉटेलात कधीकधी सोड्याचा हात सैल सुटतो; मग मांस रबरी आणि साबणासारखं लागतं.

काजूचा प्रवास ब्राझीलपासूनचा. १६व्या शतकात पोर्तुगीजांनी तो गोव्यात आणला. या पदार्थासाठी तो थंड तेलात सोडून हळूहळू तापवतात. कढत तेलात टाकला तर बाहेरून करपतो आणि आतला ओलावा तसाच राहतो. हवा तो रंग येण्याआधीच काढायचा, कारण आतल्या उष्णतेने तो तेलाबाहेरही तांबूस होत राहतो. मग थेट शेवटी, गॅस बंद केल्यावर कढईत टाकायचा. कोरड्या काजूची कुरकुर त्याच्या ठिसूळपणात असते. सॉसमधलं पाणी शिरलं की ती गेली. पार्सल आणलं तर घरी पोचेपर्यंत काजू मऊ पडलेले असतात ते यामुळेच.

या पदार्थात पडणारा वॉटर चेस्टनट मात्र त्याच डब्यात दुसऱ्या दिवशीही कुरकुरीत. हा आपला शिंगाडा नव्हे, पाणथळ जागी उगवणाऱ्या लव्हाळ्यासारख्या वनस्पतीचा कंद आहे. त्याच्या पेशींच्या भिंती फेरुलिक आम्लाच्या दुव्यांनी एकमेकींना जखडलेल्या असतात आणि हे दुवे शिजवल्यावरही सुटत नाहीत. त्यामुळे पाण्याने भरलेला असूनही तो कडकडून तुटतो.