डंकीने गेलेला वेगळा, विकला गेलेला वेगळा

डंकी म्हणजे काय हे बडोद्यात कुणाला समजावून सांगायला नको. एजंट, लाखांचा सौदा, दुबईमार्गे मध्य अमेरिका, मेक्सिको, आणि मग अमेरिकेची सीमा चोरून ओलांडायची. डिसेंबर 2023मध्ये 303 भारतीयांना निकाराग्वाला नेणारं विमान फ्रान्समध्ये वात्री विमानतळावर अडवलं, तेव्हा बातम्यांत शब्द होता ‘मानवी तस्करी’. मार्च 2025मध्ये म्यानमारच्या सायबर अड्ड्यांतून सुटलेल्या 283 जणांना हवाई दलाच्या विमानाने आणलं, तेव्हाही तोच शब्द. तेव्हापासून दांडिया बाजारापासून अलकापुरीपर्यंत दोन्ही प्रकारच्या मुलांबद्दल एकच वाक्य ऐकते आहे: ‘स्वतःच्या पायांनी गेला होता ना?’

डंकीत माणूस गिऱ्हाईक असतो. पैसे देतो, एजंट पार करून देतो, व्यवहार संपतो. गुन्हा देशाच्या सीमेच्या कायद्याविरुद्ध. तो जीवघेणा असू शकतो. जानेवारी 2022मध्ये गुजरातच्या डिंगुचा गावचं चौघांचं कुटुंब कॅनडाच्या सीमेवर गोठून गेलं. पण धोका मोठा म्हणून डंकीची तस्करी होत नाही. तस्करीत माणूसच माल असतो, आणि एजंटची कमाई माणूस पोहोचल्यावर सुरू होते. सीमा ओलांडावी लागतेच असं नाही, कागद खोटे असावेत असंही नाही. हे फरक समजायला सोपे आहेत.

घोळ होतो तो संमतीपाशी.

म्यानमारला अडकलेली बहुतेक मुलं राजीखुशीनेच निघाली होती. थायलंडमध्ये डेटा एंट्रीची नोकरी, चांगला पगार, राहणं-खाणं कंपनीचं. मुलगा आईला नमस्कार करून, खऱ्या पासपोर्टवर बँकॉकला उतरतो. तिथून गाडी त्याला तासन् तास पश्चिमेकडे माए सोतला नेते. मोएई नदी ओलांडली की म्यावाडी, म्हणजे म्यानमार. 1 फेब्रुवारी 2021च्या लष्करी बंडानंतर त्या देशात यादवी पेटली, आणि सीमेवरच्या या पट्ट्यात हुकूम चालतो तो सशस्त्र गटांचा. त्यांच्याच आश्रयाने के. के. पार्कसारखी कुंपणबंद आवारं वाढली. पासपोर्ट काढून घेतात आणि खोट्या प्रोफाइलवरून परदेशातल्या लोकांना क्रिप्टोच्या, म्हणजे आभासी चलनातल्या खोट्या गुंतवणुकीच्या जाळ्यात ओढायला बसवतात. टार्गेट चुकलं तर मार, विजेचे झटके. सुटायचं असेल तर घरच्यांनी खंडणी पाठवायची, नाहीतर दुसऱ्या आवाराला विक्री. म्यानमारमध्ये किमान 1,20,000 लोक अशा कामाला जुंपले गेले असावेत, असा संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाचा ऑगस्ट 2023चा अंदाज आहे.

आता सांगा, त्या मुलाने कशाला संमती दिली होती? डेटा एंट्रीला. फसवून मिळवलेला होकार कायदा होकार मानतच नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम 143मध्ये स्पष्ट लिहिलंय की तस्करीचा गुन्हा ठरवताना पीडिताची संमती गैरलागू आहे. 2000च्या संयुक्त राष्ट्रांच्या मानवी तस्करीविरोधी करारातही तेच आहे, आणि 18 वर्षांखालच्यांच्या बाबतीत तर फसवणूक किंवा जबरदस्ती सिद्ध करण्याचीही गरज नाही. म्हणून ‘स्वतःहून गेला का’ हा प्रश्न मला संताप आणतो. विचारायचं ते एवढंच: निघून यायचं म्हटलं तेव्हा येता आलं का?

याच प्रश्नाने मधल्या अवघड घटनाही उलगडतात. लीबियात यादवीच्या काळात युरोपला पोहोचवण्याचे पैसे दिलेल्या किती तरी लोकांना वाटेतच कोंडून खंडणी मागितली गेली, काहींना मजुरीसाठी विकलं गेलं. निघाले तेव्हा ती डंकी होती, कोंडून विकलं तेव्हा तस्करी झाली. सुरुवातीची संमती पुढच्या गुलामीला लागू होत नाही.

फरक कळला नाही की मदत चुकते. परत आलेल्या मुलाकडे आपण आरोपी म्हणून पाहतो, कारण त्याने लोकांना फसवलं. पण मारून करून घेतलेल्या गुन्ह्यासाठी पीडिताला शिक्षा नको, असं संयुक्त राष्ट्रांच्या 2002च्या मार्गदर्शक तत्त्वांत आहे. मुलगी असेल तर ‘तिथे अजून काय झालं’ हे शेजारणींनी खोदून विचारू नये. ते कधी, कुणाला आणि किती सांगायचं हे तिचं तिने ठरवावं. वैद्यकीय तपासणीही तिच्या संमतीनेच. स्टेशनवर हार घालून फोटो काढणं मला अजिबात मान्य नाही. त्या चेहऱ्याला उद्या याच गावात नोकरी मागायची असते.

परत आलेल्याला खरी गरज असते ती झोपेची, डॉक्टरची, गेलेल्या कागदपत्रांची, आणि घराने खंडणीसाठी काढलेल्या कर्जाच्या मोकळ्या हिशोबाची. वकील मोफत मिळतो: 1987च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याचं कलम 12 तस्करीच्या पीडिताला तो हक्क देतं. जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात जा किंवा 15100वर फोन करा.

तक्रारीत फक्त ‘नोकरीच्या नावाखाली फसवणूक’ लिहून थांबू नका. तेवढ्याने ती पैशांच्या भांडणाची फाइल होते. पासपोर्ट कुणी घेतला, बाहेर पडायला कुणी अडवलं, कुणाला किती रुपयांना विकलं, मारहाण कशी झाली, खंडणी कोणत्या खात्यात गेली हे क्रमाने लिहा, कलम 143 लावण्याची मागणी करा, आणि एजंटशी झालेलं चॅट डिलीट करू नका.