याझिगीस
याझिगीस : काळ्या समुद्राच्या उत्तरेकडील गवताळ प्रदेशातील प्राचीन सार्मेशियन लोकसमूहातील एक भटकी, अश्वारूढ टोळी. त्यांची भाषा इराणी कुळातील होती, असे मुख्यतः विशेषनामांवरून मानतात. उदा., बनादास्पस या राजनामात बहुधा ‘अस्प’ (घोडा, सं. अश्व) हा शब्द आहे. टोळीनामाची व्युत्पत्ती विवाद्य आहे. काही अभ्यासक ते इराणी ‘यझ्’ (सं. यज्, यजन करणे) या धातूवरून साधतात. ध्वनिदृष्ट्या हे पटण्याजोगे असले, तरी ग्रीक-लॅटिन लिप्यंतरावरून मूळ रूप ठरविणे जोखमीचे आहे.

ग्रीक भूगोलज्ञ टॉलेमीने यांचा एक गट अ‍ॅझॉव्ह समुद्राकाठी दाखविला आहे. त्याच्या आधीचा ग्रीक भूगोलज्ञ स्ट्रेबो याच्या काळी ते नीस्टर नदीपलीकडील गवताळ प्रदेशात होते. काळ्या समुद्राकाठी हद्दपारीत असलेल्या ओव्हिड या रोमन कवीने गोठलेल्या डॅन्यूबवरून बैलगाड्या हाकणारा याझिगीस पाहिला होता. तेथून ते डॅन्यूब व तिसा या नद्यांमधील मैदानात (आधुनिक हंगेरी) कधी आले, याविषयी मतभेद आहेत. इ. स. ५० च्या सुमारास क्वाडी या जर्मानिक टोळीचा राजा व्हॅनिअस याच्या बाजूने त्यांचे घोडेस्वार लढले, असे रोमन इतिहासकार टॅसिटस सांगतो. त्यामुळे स्थलांतर त्यापूर्वीचे धरणे अधिक सयुक्तिक. टॉलेमी या पश्चिमेकडील शाखेस ‘मेटानास्टी’ म्हणजे स्थलांतरित म्हणतो. रोमने डेशिया (आधुनिक रूमानिया) विरुद्ध केलेल्या डेशियन युद्धांत (इ. स. १०१–१०६) ते रोमच्या बाजूने होते.

रोमन सम्राट मार्कस ऑरिलिअसशी झालेल्या युद्धाची माहिती इतिहासकार डीओ कॅसिअसमुळे तपशीलवार मिळते. बहुधा १७३-७४ च्या हिवाळ्यात गोठलेल्या डॅन्यूबवर चकमक झाली. याझिगीसांचे घोडे बर्फावर धावण्यास सरावलेले होते. रोमन सैनिकांनी ढाली बर्फावर टाकून त्यांवर एक पाय रोवला आणि शत्रूचे लगाम व भाले धरून स्वारांना खाली ओढले. पाय घसरून उताणा पडलेला सैनिकही कुस्तीगिराप्रमाणे प्रतिस्पर्ध्याला पायांनी मागे उलथवी. रोमशी बोलणी केल्याबद्दल राजा बनादास्पसला त्याच्याच लोकांनी कैद केले. मात्र १७५ मध्ये झँटिकस राजाला तह करावाच लागला. त्यानुसार ८,००० स्वार रोमला मिळाले व त्यांपैकी ५,५०० ब्रिटनला रवाना झाले. १,००,००० युद्धकैदी परत केल्याचा आकडाही डीओ देतो. तो सावधपणेच घ्यावा. तिसऱ्या शतकात ब्रिटनमधील ब्रेमेटेनाकम (रिबचेस्टर) येथे सार्मेशियन घोडदळ असल्याचे कोरीव लेखांवरून दिसते. ते याच स्वारांचे वारस असावेत. ब्रिटनच्या आर्थर राजाच्या दंतकथेचे मूळ त्यांच्यात शोधण्याचा प्रयत्न आकर्षक, पण पुराव्याने दुबळा आहे.

त्यांच्या चिलखतांचे स्वतंत्र वर्णन नाही. ग्रीक प्रवासवर्णनकार पॉसेनिअसने अथेन्सच्या एका मंदिरात पाहिलेले सार्मेशियन चिलखत घोड्यांच्या खुरांचे होते : खूर चिरून केलेले खवले भोके पाडून घोड्याच्या व बैलाच्या स्नायुतंतूंनी शिवलेले असत.

चौथ्या शतकातील लेखक बहुधा नुसते ‘सार्मेशियन’ म्हणतात, त्यामुळे टोळीचा स्वतंत्र माग लागत नाही. हंगेरीतील यासशाग प्रदेशाच्या रहिवाशांना उत्तरकालीन लॅटिन कागदपत्रांत याझिगीसच म्हटले आहे. त्यावरून दोन्ही लोक एकच मानण्याची प्रथा पडली. परंतु यासशागचे हे रहिवासी, म्हणजे यास, हे मध्ययुगात पूर्वेकडून आलेले अ‍ॅलन (इराणी भाषिक भटके) वंशीय लोक. १४२२ च्या एका दस्तऐवजावर आढळलेली त्यांची लहानशी शब्दसूची कॉकेशसमधील ऑसेटिक भाषेशी जुळते.