पाळीचं पाणी : वसंतातल्या सिंचनामागची जुनी गोष्ट

पाटात हंगामातलं पहिलं पाणी सुटतं ते स्वच्छ नसतं. पुढे पाचोळा, काटक्या, वाळलेलं गवत आणि मळकट फेस, मागून पाणी. कोरडी माती त्याला वाटेतच पीत असते, त्यामुळे शेताच्या तोंडाशी फावडं घेऊन उभ्या असलेल्या माणसाला ते फार सावकाश येतंय असं वाटतं. घुशीच्या बिळातून ते भलतीकडेच निघालं तर धावत जाऊन बीळ बुजवायचं. बांध फुटला तर गवताची पेंढी दाबून वर चिखल थापायचा. घरच्याच चार माणसांवर चालणाऱ्या शेतात वसंताचे दिवस बरेचसे असेच जातात: पाट उकरणं, वाफे सारखे करणं, सऱ्या मोकळ्या करणं आणि मग दारं धरणं, म्हणजे पाणी एका सरीतून दुसऱ्या सरीत वळवत राहणं. पाळी रात्रीची आली तर रात्री.

सिंचनाचा इतिहास सांगताना आपण बहुधा अवजारांची रांग लावतो: रहाट, मोट, इंजिन, तुषार, ठिबक. ती रांग खोटी नाही. पण छोट्या शेताच्या बांधावरून पाहिलं की मला त्यातला खरा धागा वेगळाच दिसतो. पाणी वर कसं आणायचं हा प्रश्न पुन्हा पुन्हा सुटत गेला. आलेलं पाणी आज कुणाच्या शेतात आधी जायचं, हा प्रश्न मात्र दर वसंतात नव्याने उभा राहिला.

वसंतातच का, याचं कारण नदीच्या आणि पिकाच्या वेळापत्रकात आहे. ही दोन वेळापत्रकं क्वचितच जुळतात. ऊन वाढतं, जमिनीची ओल उडू लागते, पीक फुटव्यावर किंवा ओंबीवर असतं, आणि नदी तिच्या डोंगरातल्या बर्फाच्या मर्जीने चालते. नाईलकाठचा शेतकरी त्या मानाने नशीबवान. तिथे पूर उन्हाळ्याच्या उत्तरार्धात येई, ओसरताना जमीन भिजवून गाळ ठेवून जाई आणि त्या ओलीवरच पेरणी होई. टायग्रिस आणि युफ्रेटिसचं उलटं होतं. अनातोलियाच्या, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या डोंगरातलं बर्फ वितळून त्यांना मोठा पूर येई तो एप्रिल-मेमध्ये, म्हणजे सातू आणि गहू कापणीला आलेले असताना. पेरणीच्या वेळी नदी आटलेली, कापणीच्या वेळी फुगलेली. या दोन नद्यांमधल्या मेसोपोटेमियातले कालवे आणि बांध या विसंगतीतून उभे राहिले. पाणी आणायलाही बांध हवा आणि अडवायलाही.

म्हणूनच सुमारे इ. स. पू. १७५० च्या, बाबिलोनचा राजा हम्मुराबी याच्या कायद्यात बांधावरची भांडणं स्पष्ट नोंदलेली सापडतात. आळशीपणाने बांध दुरुस्त ठेवला नाही आणि तो फुटून दुसऱ्यांची शेतं बुडाली, तर धान्य भरून द्यायचं. भरून देता येत नसेल तर त्या माणसाला आणि त्याच्या मालमत्तेला विकून आलेले पैसे नुकसान झालेल्यांत वाटायचे. पाटाचं तोंड उघडून बेफिकीर राहिल्यामुळे शेजाऱ्याचं शेत पाण्याखाली गेलं, तर त्याचीही भरपाई. शिक्षा भयंकर आहे, पण गुन्हे अगदी आजचे वाटतात. पाणी सोडून सावलीत झोपलेला माणूस किती जुना आहे, ते यावरून कळतं.

त्याच प्रदेशातली, निप्पूरला सापडलेली साधारण ३७०० वर्षांपूर्वीची एक मातीची पाटी मला त्याहून जवळची वाटते. तिच्यात एक बाप मुलाला शेती शिकवतो आहे. सातू सरीचा अरुंद तळ भरून वर आला की पाणी दे, आणखी उंच झाला की दुसरं, मग तिसरं. पण पीक लालसर पडलं असेल तर रोग आहे हे ओळख. आणि दाणा चांगला भरत असेल तर चौथं पाणी दे, दहा मापांमागे एक माप जास्त मिळेल. दिवस मोजून पाणी द्यायला तो सांगत नाही, पीक पाहून द्यायला सांगतो.

उपसण्याचं काम किती जड होतं, त्याचा एक साधा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. एक एकर जमिनीवर पाच सेंटीमीटर पाणी उभं करायचं तर सुमारे दोन लाख लिटर लागतं. दहा लिटरच्या बादलीने वीस हजार खेपा. मिनिटाला सहा खेपा न थांबता केल्या तरी पंचावन्न तासांहून जास्त, आणि तेही एकाच भिजवणीला. इजिप्तमध्ये आडव्या वाशाच्या एका टोकाला बादली आणि दुसऱ्या टोकाला मातीचा गोळा लावून हे ओझं हलकं केलं गेलं. देर अल-मदिना इथल्या इपुय नावाच्या कारागिराच्या थडग्यात, दुसऱ्या रामसेसच्या काळातल्या चित्रात, बागेला असं पाणी देणारा माणूस दिसतो. आपल्याकडच्या मोटेने माणसाच्या खांद्यावरचं हे काम बैलांवर टाकलं. बैल धावेच्या उतारावरून खाली उतरायचे, सोंदूर म्हणजे मोटेच्या सोंडेची दोरी सुटली की कातडी मोट काठावरच्या थारोळ्यात रिकामी व्हायची. तरीही विहीर असलेल्या शेतकऱ्याने भिजवायला घेतलेला तुकडा लहानच राहिला. बैल दमतात, ही त्याची सीमा होती.

पाटाच्या पाण्याला ती सीमा नव्हती. तिथे सीमा शेजाऱ्याची होती.

आणि इथे माणसांनी जी डोकी लढवली त्यांच्यापुढे मला पंप फिका वाटतो. इराणमध्ये कनातींतून, म्हणजे जमिनीखालच्या बोगद्यांतून येणारं पाणी वेळेवर मोजून वाटत. तळाला बारीक छिद्र असलेली वाटी मोठ्या भांड्यातल्या पाण्यावर ठेवायची. ती भरून बुडाली की एक माप झालं. आपल्या घटिकापात्राचीच ही बहीण. स्वित्झर्लंडमधल्या व्हाले भागात डोंगराच्या कड्यावरून नेलेल्या पाटांच्या पाण्याचे हक्क लाकडी काठ्यांवर खाचा करून नोंदवत. तिथेच पाटात एक छोटं चक्र बसवलेलं असे. पाणी वाहत असेपर्यंत ते फिरायचं आणि हातोडा ठोकत राहायचा. राखणदाराला झोपेतही तो ठोका ऐकू यायचा, आणि ठोका थांबला की पाट कुठेतरी फुटलाय हे कळून तो उठायचा. आवाजाने जागं करणारी घड्याळं आपण पाहतो, हे शांततेने जागं करणारं होतं.

स्पेनमधल्या व्हॅलेन्सियात तर पाण्याचं न्यायालयच आहे. दर गुरुवारी दुपारी कॅथीड्रलच्या दाराशी आठ पाटांचे निवडून दिलेले शेतकरी बसतात, तक्रार तोंडी ऐकतात, निवाडाही तोंडीच. वकील नाही. हजार वर्षांची परंपरा सांगणाऱ्या या न्यायालयाला २००९ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत जागा मिळाली. स्पॅनिश वसाहतींबरोबर ही पाटाची रीत आजच्या अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोत गेली. पाटाला तिथे म्हणतात ‘असेकिया’, आणि तो शब्द मूळचा अरबी. वसंतात पाणी सोडण्याआधी हक्कदार मिळून पाट साफ करतात, कामावर देखरेख ‘मायोर्दोमो’ची, म्हणजे पाटाच्या कारभाऱ्याची. येणं जमत नसेल तर आपला माणूस पाठवायचा.

धुळे-नाशिककडच्या पांझरा, मोसम, आरम या नद्यांवरची फड पद्धत याच कुळातली. बंधाऱ्याच्या पाण्यावर भिजणारी जमीन फडांत, म्हणजे मोठ्या तुकड्यांत, वाटलेली आणि एका फडात सगळ्यांचं एकच पीक. त्यामुळे पाणीही सगळ्यांना एकदमच लागतं आणि एकदमच बंद होतं. पाटकरी पाणी वाटतो, जागल्या पीक राखतो. पाणी कमी असलं तर काही फड पेरायचेच नाहीत, पण ते सगळ्यांनी मिळून ठरवायचं. अशा व्यवस्था सरकार किंवा बाजार यांच्याशिवायही टिकतात, हे अमेरिकन अभ्यासक एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी स्पेन आणि फिलिपाइन्समधल्या पाटांसह अनेक उदाहरणांवरून दाखवलं. २००९ चा अर्थशास्त्राचा नोबेल पुरस्कार त्यांना मिळाला.

यंत्रांचा भाग थोडक्यात सांगता येतो. १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात अॅपल्ड यांच्या केंद्रोत्सारी, म्हणजे फिरत्या चाकाने पाणी बाहेर फेकणाऱ्या, पंपाने गर्दी खेचली. पुढे तेलाचं इंजिन आणि वीज यांच्या जोडीने तो पंप लहान शेतावरही पोहोचला. ऑर्टन एंगलहार्ट या कॅलिफोर्नियातल्या लिंबूवर्गीय फळांच्या बागायतदाराने टकटक करत फिरणाऱ्या तुषार तोटीचं पेटंट १९३५ मध्ये मिळवलं. अशीच तोटी वसंतातल्या हिमाच्या रात्री फळबागेत दुसऱ्या कामालाही येते: पाणी गोठताना उष्णता सोडतं, आणि फवारा चालू राहिला तर मोहर वाचतो. ठिबकची कल्पना फार जुनी आहे. मानेपर्यंत पुरलेल्या मडक्याभोवती खरबुजाच्या जातीची फळं लावण्याची रीत चीनमध्ये इ. स. पू. पहिल्या शतकातच लिहून ठेवलेली आहे. प्लास्टिक स्वस्त झाल्यावर सिम्खा ब्लास यांनी ती नळीत उतरवली आणि १९६५ मध्ये इस्रायलच्या हात्झेरीम किबुत्झमध्ये, म्हणजे सामूहिक शेतवस्तीत, तिच्या उत्पादनासाठी कंपनी उभी राहिली.

पंपाने शेतकऱ्याला पहिल्यांदा पाळीतून सोडवलं, असं म्हणतात. निम्मंच खरं आहे ते. पाटावरचं भांडण जमिनीखाली गेलं, एवढंच. शेजाऱ्याने आणखी खोल विंधन विहीर घेतली की आपली कोरडी पडते, आणि तिथे ना पाटकरी ना गुरुवारचं न्यायालय.

आता वेळापत्रकच सरकतंय. विसाव्या शतकाच्या मध्यापासून पश्चिम उत्तर अमेरिकेतल्या अनेक नद्यांना बर्फाचं पाणी एक ते चार आठवडे लवकर येऊ लागलं. पाण्याचे हक्क जुन्याच तारखांना बांधलेले. लडाखची अडचण आणखी टोकाची आहे. पेरणी एप्रिल-मेमध्ये, आणि उंचावरच्या हिमनद्या भरपूर पाणी सोडतात ते जूनपासून पुढे. निवृत्त अभियंते चेवांग नॉर्फेल यांनी हिवाळ्यात वाया जाणारं पाणी गावाच्या जरा वर, सावलीच्या दरीत अडवून गोठवलं. उंची कमी असल्याने ते बर्फ मुख्य हिमनदीच्या आधी वितळतं. २०१३ च्या हिवाळ्यात सोनम वांगचुक आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी तेच काम उभ्या, शंकूसारख्या हिमस्तूपाने करून पाहिलं. नॉर्फेल यांच्या बर्फाचं पाणी उतरतं ते मात्र गावाच्या जुन्याच पाटांत. तिथे कुठलं तोंड आधी उघडायचं ते चुरपोन, म्हणजे तिथला पाणी वाटणारा माणूस, सांगतो. त्याला गावाने निवडलेलं असतं, आणि पेरणीच्या दिवसांत सगळ्यात जास्त शिव्या त्यालाच खाव्या लागतात.