५४ टक्क्यांचा फेडरर

जून २०२४मध्ये अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजच्या पदवीदान समारंभात रॉजर फेडररने सांगितलं, की १,५२६ एकेरी सामन्यांपैकी जवळजवळ ८० टक्के त्याने जिंकले, पण पॉइंट जिंकले ते फक्त ५४ टक्के. अनेकांनी त्यातून जिद्दीचा धडा घेतला. मला त्यामागचं गणित जास्त मोलाचं वाटतं, कारण टेनिसच्या सट्ट्यातला प्रत्येक गंभीर अंदाज त्यावरच उभा असतो.

गेम जिंकायला किमान चार पॉइंट आणि दोनची आघाडी लागते. प्रत्येक पॉइंट जिंकण्याची शक्यता ०.५४ धरू. ड्यूसशिवाय, म्हणजे ३-३ अशी बरोबरी न होता, गेम मिळण्याची शक्यता ०.४२ येते. ड्यूस व्हायला पहिले सहा पॉइंट तीन-तीन वाटले जावे लागतात. असे २० क्रम असतात आणि त्यांची एकत्रित शक्यता ०.३१ भरते. ड्यूसनंतर सलग दोन पॉइंट आपले होण्याची शक्यता ०.२९, समोरच्याचे होण्याची ०.२१; बाकी वेळा पुन्हा ड्यूस. म्हणजे ड्यूसवरून आपण जिंकण्याची शक्यता ०.२९ भागिले ०.५०, म्हणजे ०.५८. आता ०.३१ गुणिले ०.५८ केले की ०.१८, त्यात आधीचे ०.४२ मिळवले की ०.६०. पॉइंटमधले ५४ टक्के गेममध्ये ६० झाले! हीच रीत पुढे चालवली, की सेटला सुमारे ७६ आणि तीन सेटांच्या सामन्याला ८६ टक्के येतात. पाच सेटांचा सामना असेल तर ९१. फेडररचा प्रत्यक्ष आकडा त्याहून कमी, कारण समोरचा खेळाडू दर वेळी सारख्या ताकदीचा नसतो.

यात प्रत्येक पॉइंट आधीच्या पॉइंटपासून स्वतंत्र मानला आहे. क्लासेन आणि माग्नुस या डच संशोधकांनी विम्बल्डनचे जवळजवळ ९०,००० पॉइंट तपासले. हे गृहीतक काटेकोरपणे खरं ठरलं नाही, पण फरक लहान निघाला. ‘आज त्याची लय लागली आहे’ यावर पैसे लावणाऱ्यांनी हे वाचायला हवं. खेळाडूची रास पाहून निकाल सांगणाऱ्यांविषयी तर बोलायलाच नको, आणि ‘एआयची शंभर टक्के खात्रीशीर टिप’ विकणारे त्यांचेच भाऊबंद.

अडचण अशी, की हे गणित गुणवत्तेतला फरक जसा वाढवतं, तशीच अंदाजातली चूकही वाढवतं. बरोबरीच्या दोघांत एकाचे ५०ऐवजी ५१ टक्के धरले, की तीन सेटांच्या सामन्यात त्याची शक्यता थेट ६०वर जाते. आणि ही एका टक्क्याची चूक टाळणं फार कठीण. २,५०० पॉइंट मोजले तरी साधारण तेवढी चूक राहतेच. म्हणजे त्याच दोघांचे, त्याच प्रकारच्या कोर्टवरचे सोळा-सतरा सामने हवेत. जोकोविच आणि नदाल तब्बल ६० वेळा भिडले. मातीवर नदाल २०-९ने पुढे, हार्ड कोर्टवर जोकोविच २०-७ने. गवतावर मात्र चारच सामने, २-२.

शिवाय नशीब असतंच. २०१९च्या विम्बल्डन अंतिम सामन्यात फेडररने २१८ पॉइंट जिंकले, जोकोविचने २०४. विजेतेपद जोकोविचचं.

त्यात पैजा घेणारा सट्टेवाला दोघांवर १.८० आणि २.०० असा भाव देतो, म्हणजे पैज जिंकली तर एका रुपयाचे तेवढे रुपये परत. भावात धरलेली जिंकण्याची शक्यता काढायला १ला या भावांनी भागा: ५५.६ आणि ५०, बेरीज १०५.६ टक्के. वरचे ५.६ टक्के त्याचे. अंदाज त्याच्यापेक्षा जरासा सरस असून भागत नाही. आधी ही तूट भरून काढावी लागते.