पार्किन्सन्स किती वाढला हे बघायचे मेंदूचे स्कॅन

पार्किन्सन्स म्हणजे कंपवातात मेंदूच्या तळाकडच्या सबस्टॅन्शिया नायग्रा नावाच्या भागातल्या डोपामाइन बनवणाऱ्या पेशी हळूहळू मरत जातात आणि त्यांचे तंतू जिथे पोचतात त्या स्ट्रायटममध्ये डोपामाइन कमी पडायला लागतं. हे जिवंत माणसात बघता यावं, आणि वर्षागणिक किती वाढतंय ते मोजता यावं म्हणून काही खास स्कॅन आहेत. साधा एमआरआय त्यात येत नाही. पार्किन्सन्सच्या पेशंटचा तो बहुतेक वेळा नॉर्मलच असतो, तो करतात ते स्ट्रोक, गाठ, मेंदूत पाणी साचणं असलं दुसरं काही नाही ना ते बघायला, त्यामुळे एमआरआय नॉर्मल आला म्हणून पार्किन्सन्स नाहीच असं घरच्यांनी धरून चालू नये.

१९८३ मध्ये कॅनडातल्या मॅकमास्टर युनिव्हर्सिटीतल्या गार्नेट, फर्नाउ आणि नाहमियास यांनी फ्लोरोडोपा हे किरणोत्सारी द्रव्य वापरून पेट स्कॅनवर जिवंत माणसाच्या मेंदूतलं डोपामाइन दाखवलं. नंतर डॅट स्कॅन आला, यात डोपामाइन परत पेशीत ओढून घेणाऱ्या प्रथिनाला, म्हणजे ट्रान्सपोर्टरला, चिकटणारं किरणोत्सारी औषध शिरेतून देतात आणि काही तासांनी स्पेक्ट कॅमेऱ्याने फोटो काढतात. आयोफ्लुपेन हे त्यातलं औषध युरोपात २००० मध्ये आणि अमेरिकेत २०११ मध्ये मंजूर झालं. त्यातलं किरणोत्सारी आयोडीन-१२३ सायक्लोट्रॉन नावाच्या मोठ्या यंत्रात बनवावं लागतं, म्हणून आपल्याकडे जास्त करून त्याच ट्रान्सपोर्टरला बघणारा ट्रोडॅट स्कॅन होतो कारण त्याला लागणारं किरणोत्सारी टेक्निशियम जनरेटर नावाच्या छोट्या उपकरणातून तिथल्या तिथे मिळतं आणि ते बरंच स्वस्त पडतं.

नॉर्मल माणसात दोन्ही बाजूंचं स्ट्रायटम स्वल्पविरामासारखं दिसतं. पार्किन्सन्समध्ये आधी पुटामेन या स्ट्रायटमच्याच एका हिश्शाचा मागचा भाग जातो, म्हणजे स्वल्पविरामाची शेपटी गळते आणि पूर्णविराम उरतो, आणि ज्या हातापायाला त्रास आधी सुरू झाला त्याच्या विरुद्ध बाजूला हे जास्त दिसतं. साधा कंप, ज्याला इसेन्शियल ट्रेमर म्हणतात, त्यात स्कॅन नॉर्मल येतो, आणि हा फरक सांगण्यात डॅट स्कॅन खरोखर चांगला आहे.

आजार किती पुढे गेला हे सांगणं मात्र वेगळं काम आहे, आणि इथेच सगळ्यात जास्त गोंधळ झालाय. २००२ च्या काम-पीडी (CALM-PD) अभ्यासात ४६ महिन्यांत ट्रान्सपोर्टरचा सिग्नल प्रामिपेक्सोल (डोपामाइनसारखं काम करणारी गोळी) घेणाऱ्यांमध्ये १६ टक्के कमी झाला आणि लेव्होडोपा (मेंदूत जिचं डोपामाइन बनतं ती पार्किन्सन्सची मुख्य गोळी) घेणाऱ्यांमध्ये २५.५ टक्के, म्हणून लेव्होडोपा पेशी मारतं की काय अशी शंका आली. मग २००४ चा एलडोपा (ELLDOPA) नावाचा अभ्यास, ३६१ पेशंट, ४० आठवडे, आणि निकाल असा की लेव्होडोपा घेणाऱ्यांची तब्येत औषध थांबवून दोन आठवडे झाल्यावरही प्लासिबो म्हणजे औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांपेक्षा चांगली होती पण स्कॅनवर त्यांचाच सिग्नल जास्त घसरलेला. पेशंट म्हणतोय बरं आहे, स्कॅन म्हणतोय वाईट! याचं एक स्पष्टीकरण असं की औषधामुळे ट्रान्सपोर्टरचं प्रमाणच बदलू शकतं, म्हणजे सिग्नल घसरला याचा अर्थ पेशी मेल्या असा लगेच होत नाही. २०१९ मध्ये नेदरलँड्सच्या लीप अभ्यासात ४४५ पेशंटपैकी काहींना लेव्होडोपा लगेच दिलं, बाकीच्यांना ४० आठवडे उशिरा, आणि ८० आठवड्यांनंतर दोघांत फरक नव्हता. औषधाने आजार रोखला नाही आणि वाढवलाही नाही. एवढं सविस्तर लिहायचं कारण म्हणजे लेव्होडोपाच्या भीतीने गोळी पुढे ढकलणारे आणि विनाकारण हाल काढणारे पेशंट आजही आहेत.

एलडोपा अभ्यासात ज्यांचे स्कॅन झाले त्यातल्या सुमारे १५ टक्के लोकांचे स्कॅन सुरुवातीलाच नॉर्मल होते, म्हणजे त्यांना बहुधा पार्किन्सन्स नव्हताच. म्हणून आता नव्या औषधांच्या ट्रायलमध्ये बऱ्याचदा आधी स्कॅन करून घेतात.

दुसरी अडचण म्हणजे सिग्नल लवकरच तळाला लागतो, त्यापुढे घसरायला जागाच उरत नाही. २०१३ मध्ये आलेल्या एका पोस्टमॉर्टेम अभ्यासात निदानानंतर चार-पाच वर्षांतच पुटामेनमधले डोपामाइनचे तंतू जवळपास संपलेले दिसले, मग त्यापुढे डॅट स्कॅन मोजणार काय? तोल जाणं, गिळायला त्रास, विसरभोळेपणा हे जे नंतर येतं ते बरंचसं डोपामाइनबाहेरचं असतं, ते या फोटोत दिसत नाही.

म्हणून आता खास पद्धतीच्या एमआरआयवर काम चाललंय, त्याच डोपामाइनच्या पेशींत असणाऱ्या न्यूरोमेलॅनिन या काळ्या रंगद्रव्याचा सिग्नल बघणारा एक आणि सबस्टॅन्शिया नायग्राच्या मागच्या भागातलं फ्री वॉटर, म्हणजे पेशींबाहेरचं मोकळं पाणी, मोजणारा दुसरा. फ्री वॉटर वेळेबरोबर वाढत जातं असं दिसलंय आणि यात किरणोत्सारी काही टोचावं लागत नाही. २०१० पासून पार्किन्सन्सच्या संशोधनाला मदत करणाऱ्या मायकेल जे. फॉक्स फाउंडेशनच्या पीपीएमआय प्रकल्पात पेशंटचे असे स्कॅन आणि बाकी तपासण्या वर्षानुवर्षं गोळा होतायत.

एकट्या पेशंटचा आजार वाढतोय का हे बघायला दरवर्षी डॅट किंवा ट्रोडॅट करत नाहीत, मशीन किंवा स्कॅनसाठी टोचायचं औषध बदललं तरी आकडे हलतात, आणि गोळ्यांचा डोस ठरतो तो चालणं, हाताचा वेग, कडकपणा तपासूनच. स्कॅन पुन्हा लागतो तो निदानाबद्दलच शंका आली तर, आणि त्याआधी बुप्रोपियॉन किंवा मिथाइलफेनिडेटसारखी औषधं चालू असतील तर डॉक्टरांना सांगायचं, कारण ती त्याच ट्रान्सपोर्टरवर बसतात आणि फोटो बिघडवतात.