घरच्या सर्व्हरच्या वेगळ्या चुली

जुना डेस्कटॉप पडून आहे, त्यात तीन-चार हार्डडिस्क घालून घरातले फोटो, लग्नाचे व्हिडिओ आणि सिनेमे एका जागी ठेवू, असं कुणी म्हटलं की लगेच पुढचा प्रश्न येतो: त्यावर ऑपरेटिंग सिस्टिम कुठली, ट्रूनॅस टाकायचं, ओपनमीडियाव्हॉल्ट की अनरेड? मग जाणकार तावातावाने भांडतात. या भांडणातला अर्धा भाग २००९ सालचा शिळा आहे.

ऑलिव्हिए कोशार-लाब्बे या फ्रेंच इंजिनिअरने २००५ मध्ये फ्रीनॅस, म्हणजे आजच्या ट्रूनॅसचं पहिलं रूप, सुरू केलं. पाया त्याचा स्वतःचा नव्हता. मोनोवॉल नावाची फायरवॉल (नेटवर्कवरची नको ती ये-जा अडवणारी सिस्टिम) होती, फ्रीबीएसडी या युनिक्सच्या वंशातल्या मोफत ऑपरेटिंग सिस्टिमवर चालणारी. तिचा सांगाडा घेऊन त्याने त्यात फाइल शेअर करायची सोय बसवली. सगळा कारभार ३२ एमबीच्या आत, म्हणजे तेव्हाच्या पेनड्राइव्हवरसुद्धा आरामात मावणारा. मशीन चालू केलं की काळ्या स्क्रीनवर आकडे घातलेली एक छोटी यादी यायची: नेटवर्क कार्ड निवडा, आयपी पत्ता द्या, पासवर्ड बदला. तेवढं झालं की मॉनिटर काढून ठेवायचा, आणि बाकीचं सगळं दुसऱ्या कॉम्प्युटरच्या ब्राउझरमधून. ट्रूनॅसच्या मॉनिटरवर आजही अशीच आकड्यांची यादी येते. फायरवॉलचं वळण वीस वर्षांनंतरही गेलेलं नाही.

दरम्यान सन मायक्रोसिस्टिम्सने झेडएफएस ही फाइल सिस्टिम (डिस्कवर फाइल कशा मांडायच्या ते ठरवणारी व्यवस्था) २००५ मध्ये ओपनसोलारिसमधून खुली केली होती. तिचं महत्त्व ज्याने जुना फोटो उघडून पाहिलाय त्याला पटकन कळेल: वर अर्धा चेहरा, खाली नुसता राखाडी पट्टा. डिस्क चालू असते, कुठलीही एरर येत नाही, आणि फाइल मात्र आतून कुजलेली. झेडएफएस प्रत्येक ब्लॉकचा चेकसम, म्हणजे त्यातल्या मजकुरावरून काढलेला पडताळणीचा आकडा, वेगळा नोंदवून ठेवते, वाचताना तो ताडून पाहते आणि चुकला तर दुसऱ्या प्रतीवरून दुरुस्त करते. अडचण लायसन्सची. सनचं सीडीडीएल आणि लिनक्सच्या कर्नलचं, म्हणजे गाभ्याचं, जीपीएल या दोन लायसन्सांचं एकत्र नांदणं कठीण, त्यामुळे लिनक्सने तिला कर्नलमध्ये घेतलं नाही. फ्रीबीएसडीला तसा अडसर नव्हता. पावेल याकुब दाविदेकने २००७ मध्ये ती तिथे आणली, आणि २००९ च्या अखेरीस फ्रीनॅस ०.७ मध्ये ती घरगुती माणसाच्या हातात आली.

नेमकं तेव्हाच घर फुटायची वेळ आली. मोनोवॉलचा सांगाडा आता पुरत नव्हता, सगळं नव्याने लिहायला हवं होतं. टीममधल्या फोल्कर टायलेला ते डेबियन या लिनक्सच्या एका प्रकारावर लिहायचं होतं, आणि कोशार-लाब्बेही त्याला तयार झाला. फ्रीबीएसडीवालं फ्रीनॅस फक्त डागडुजीपुरतं राहणार, असं ठरत आलं होतं. तेवढ्यात कॅलिफोर्नियातली आयएक्ससिस्टिम्स ही कंपनी पुढे आली. ती स्वतः फ्रीनॅस वापरत होती, आणि फ्रीबीएसडी सोडायला तिची तयारी नव्हती. डिसेंबर २००९ मध्ये तिने प्रकल्प आपल्याकडे घेतला. टायलेने डेबियनवर वेगळी चूल मांडली, तेच ओपनमीडियाव्हॉल्ट. त्याची पहिली आवृत्ती २०११ मध्ये आली. कंपनीने नव्याने लिहिलेलं फ्रीनॅस ८ सुद्धा त्याच वर्षी आलं, पण त्यातून टीव्हीवर सिनेमे दाखवणारा मीडिया सर्व्हर आणि टॉरेंट गायब होतं. घरगुती लोकांचा रस नेमका त्यातच! जुन्या कोडवर जीव असलेल्यांनी मग तिसरी चूल पेटवली: आधी नॅसफॉरफ्री, २०१८ पासून झिग्मानॅस.

मायक्रोसॉफ्टही या गल्लीत येऊन गेली. २००७ च्या विंडोज होम सर्व्हरमध्ये ड्राइव्ह एक्स्टेंडर होता. लहानमोठ्या कितीही डिस्क लावा, समोर एकच मोठी जागा दिसते. कल्पना फर्मास. घरात सर्व्हर कशाला, हे सांगणारं मुलांच्या चित्रपुस्तकाच्या धर्तीवरचं एक पुस्तकही कंपनीने गंमत म्हणून काढलं. पण एकाहून जास्त डिस्क असतील तर काही प्रोग्रॅममधून बदललेल्या फाइल खराब होतात, हे त्याच वर्षअखेरीस उघड झालं आणि दुरुस्ती यायला २००८ चा जुलै उजाडला. २०१० मध्ये ड्राइव्ह एक्स्टेंडरच काढून टाकायचं ठरलं, २०१२ मध्ये सगळं दुकान बंद. माझ्या मते त्यांनी ओळखलेली गरज खरी होती. घरात एकदम सारख्या मापाच्या सहा डिस्क कोण घेतं? या दिवाळीला एक, पुढच्या सेलमध्ये एक, तीही वेगळ्या मापाची.

ती गरज अनरेडने भागवली. टॉम मॉर्टेन्सनच्या लाइम टेक्नॉलॉजीने तेही २००५ मध्येच आणलं, स्लॅकवेअर लिनक्सवर. रेड या डिस्क जोडण्याच्या नेहमीच्या पद्धतीत एका फाइलचे तुकडे सगळ्या डिस्कवर पसरतात; इथे पूर्ण फाइल एकाच डिस्कवर राहते, आणि सगळ्यांची मिळून पॅरिटी, म्हणजे एखादी डिस्क गेली तर तिच्यावरचं परत काढून देणारा हिशेब, एका वेगळ्या डिस्कवर. ती डिस्क इतर कुठल्याही डिस्कपेक्षा लहान नसावी, एवढीच अट. एकदम दोन डिस्क गेल्या तरी उरलेल्यांवरचं सगळं वाचता येतं. बदल्यात लिहिण्याचा वेग कमी, आणि पैसे मोजावे लागतात. लायसन्स सहसा मशीन सुरू करणाऱ्या पेनड्राइव्हला बांधलेलं असतं, तो कुणी प्रोजेक्टच्या पीपीटीसाठी उचलून नेला की रीस्टार्टच्या वेळी शोधाशोध!

मधल्या काळात जमीन सरकली. अमेरिकेतल्या लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेने झेडएफएस कर्नलबाहेरचं मॉड्यूल म्हणून लिनक्सवर आणली, २०१३ मध्ये ती रोजच्या वापराला पक्की झाली. त्याच वर्षी प्रोग्रॅम त्याच्या सगळ्या साहित्यासकट कंटेनर नावाच्या बंद डब्यात देणारा डॉकर आला, आणि जेलीफिनसारखे मीडिया सर्व्हर हळूहळू सगळे कंटेनरमध्ये मिळू लागले. हे कंटेनर लिनक्ससाठीचे, त्यामुळे तिथे फ्रीबीएसडी मागे पडली. आयएक्ससिस्टिम्सने मार्च २०१७ मध्ये डॉकरसकट फ्रीनॅस १० काढलं खरं, पण पुढच्याच महिन्यात मागे घेतलं. २०२० मध्ये नाव ट्रूनॅस झालं, आणि २०२२ मध्ये ट्रूनॅस स्केल आलं, डेबियनवर! आता कंपनीचं सगळं नवं काम त्याच्यावरच चालतं. डेबियन नको म्हणून ज्यांनी प्रकल्प वाचवला, तेच तेरा वर्षांनी डेबियनच्या दारात.

त्यामुळे आज ट्रूनॅस की ओपनमीडियाव्हॉल्ट, हा वाद एकाच डेबियनवर उभ्या असलेल्या दोन घरांमधला आहे. ट्रूनॅस किमान आठ जीबी रॅम मागतं आणि आत हात घालू देत नाही. ओपनमीडियाव्हॉल्ट रास्पबेरी पाय या तळहाताएवढ्या कॉम्प्युटरवरही चालतं, आणि झेडएफएस हवी तर प्लगइन टाकायचं. झेडएफएसच्या रेडझेड या अनेक डिस्क जोडणाऱ्या मांडणीत एकेक डिस्क वाढवायची सोय जानेवारी २०२५ च्या ओपनझेडएफएस (झेडएफएसचं आजचं खुलं रूप) २.३ मध्ये आली, फक्त आधीच्या फाइल पुन्हा लिहीपर्यंत जुन्याच मांडणीत राहतात. आणि ज्याला फ्रीबीएसडीच हवी, त्याच्यासाठी झिग्मानॅसची चूल अजून पेटती आहे, २००५ च्या त्याच कोडच्या वंशातली.