सावलीची झाडे आणि घरातील वीजबचत

घराच्या भिंती व खिडक्यांवर ऐन उन्हाळ्यात सावली पडेल अशा बेताने झाडे लावून पंखा, कूलर आणि एसीचा वीजखर्च कमी करण्याची पद्धत. झाड ऊन भिंतीपर्यंत पोचू देत नाही. शिवाय पानांतून पाणी बाष्परूपाने सोडून भोवतालची हवा थोडी थंड करते. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे ०.६८ युनिट विजेइतकी उष्णता शोषली जाते. अर्थात तो गारवा वाऱ्याबरोबर सगळ्या आळीत वाटला जातो आणि मे महिन्यात जमीन कोरडी पडली की झाड पर्णरंध्रे मिटून घेते. तेव्हा हिशोब धरायचा तो सावलीचाच.

सर्वांत जास्त त्रास पश्चिमेच्या भिंतीचा. नऊ इंची विटांची भिंत दुपारभर तापते आणि ती उष्णता काही तासांनी आत उतरते. म्हणून रात्री नऊ-दहाला आतून हात लावला तरी ती कोमट लागते आणि बाहेरची हवा निवली तरी एसी बंद करवत नाही.

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात, सॅक्रामेंटो येथे, सार्वजनिक वीजसंस्थेने १९९० पासून ग्राहकांना सावलीची झाडे मोफत दिली. त्याच शहरातील ४६० घरांच्या वीजवापराचा एक अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. पश्चिम व दक्षिण बाजूंच्या झाडांमुळे उन्हाळ्यातील वापर सरासरी १८५ युनिटांनी, म्हणजे ५.२ टक्क्यांनी, घटलेला आढळला. उत्तरेकडील झाडांमुळे तो उलट ५५ युनिटांनी वाढला होता.

हे निष्कर्ष महाराष्ट्रात जसेच्या तसे लागू करता येत नाहीत. सॅक्रामेंटो ३८ अंश उत्तर अक्षांशापलीकडे आहे. आपल्याकडे पुण्या-मुंबईत मेच्या मध्याला आणि नागपुरात मेच्या अखेरच्या आठवड्यात शून्य सावली दिवस येतो, म्हणजे सूर्य माध्यान्ही थेट डोक्यावर असतो. त्या सुमारास दक्षिणेच्या भिंतीला ऊन जवळपास लागतच नाही. दुपारचे ऊन पश्चिमेकडून, किंचित वायव्येला झुकून येते. झाड तिथेच हवे. दक्षिण बाजू मोकळी ठेवल्यास थंडीत कोवळे ऊन घरात येते. विदर्भात त्याचे मोल कमी नाही.

झाडाची निवडही बाहेरच्या पुस्तकांवरून केली तर फसते. समशीतोष्ण देशांत पानझडी झाडे हिवाळ्यात उघडी होतात, ते सोयीचेच. आपली बरीच पानझडी झाडे मात्र ऊन तापू लागताच पाने टाकतात. बहावा पिवळ्या घोसांनी लदलेला असतो तेव्हा त्याच्याखाली सावली जेमतेम. गुलमोहरही उन्हाळ्याचा मोठा काळ निष्पर्ण असतो आणि त्याच्या फांद्या वादळात मोडतात. दोन्ही झाडे रस्त्याकडेला शोभतात, पश्चिमेच्या भिंतीला नाहीत. कडुनिंब व करंज यांना मार्च-एप्रिलच्या सुमारास नवी पालवी फुटते आणि मेमध्ये ते दाट असतात. आंबा, बकुळ सदाहरित. उभट वाढणाऱ्या शोभेच्या अशोकाची सावली नावापुरतीच. वड-पिंपळ बांधकामापासून लांबच बरे, त्यांची मुळे भेगांत शिरतात. काळ्या मातीत आणखी एक धोका असतो: भिंतीलगतचे मोठे झाड पायाखालचा ओलावा शोषते, माती आक्रसते आणि भिंतीला तडे जातात.

लागवड पहिल्या चांगल्या पावसानंतर करतात. उपयोगी सावली मिळायला पाच-सात वर्षे सहज जातात. तोवर मधुमालतीचा वेल किंवा दोडक्या-कारल्याचा मांडव काम भागवतो. कोकणात दिवाळीनंतर अंगणात झावळ्यांचा मांडव घालून पावसाआधी तो उतरवण्याची जुनी रीत आहे, तिचा फायदा हाच.

स्लॅबचे ऊन झाडाने फारसे अडत नाही. चौथ्या मजल्यावरच्या सदनिकेलाही त्याचा उपयोग नाही. छतावर सौर पॅनल असतील तर पश्चिमेचे उंच झाड दुपारची वीजनिर्मिती घटवते, त्यामुळे बेताच्या उंचीचे झाड निवडावे लागते. जागेची निवड आधीच नीट करावी याला कायदेशीर कारणही आहे: महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) वृक्षसंरक्षण व जतन अधिनियम, १९७५ अन्वये शहरात स्वतःच्या आवारातले झाड तोडायलाही वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते.